शिवी (मराठी साहित्य आणि रंजनमाध्यमे)

शिवी म्हणजे समोरच्या व्यक्तीचा, तिच्या नातेवाइकांचा, कुळाचा किंवा जातीचा अपमान करण्यासाठी, अथवा केवळ संताप, आश्चर्य किंवा सलगी व्यक्त करण्यासाठी उच्चारलेला अशिष्ट शब्द वा शब्दसमूह. मराठी कथा-कादंबरी, नाटक, तमाशा आणि चित्रपट यांत शिव्या असाव्यात की नसाव्यात, हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातत्याने चालत आला आहे. हा वाद वरवर सभ्यतेचा दिसला, तरी कोणाची बोली साहित्याची भाषा मानावयाची, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

शब्द आणि वापर

शिवी दिली, घातली, हासडली वा खाल्ली जाते. 'शिव्यांची लाखोली वाहणे' हा वाक्प्रचार लक्षणीय आहे. लाखोली म्हणजे देवाला एक लाख फुले किंवा पाने वाहण्याचे व्रत. तोच शब्द मराठी माणसाने शिव्यांसाठीही वापरला. छापील मजकुरात शिवीच्या अक्षरांऐवजी फुल्या घालण्याची प्रथा इतकी रुळली की 'फुल्याफुल्यांची भाषा' असा स्वतंत्र प्रयोगच तयार झाला. वाचक त्या फुल्या मनातल्या मनात भरून काढतो, त्यामुळे लपवण्याचा हेतू कितपत साधतो, हे सांगणे कठीण आहे.

अनेक शिव्यांत समाजाचा इतिहास साठलेला आहे. 'रांड' या शब्दाचा एक जुना अर्थ विधवा असा आहे. पती गमावलेल्या स्त्रीचे नावच शिवी व्हावे, यातून त्या काळच्या विधवेची स्थिती कळते. 'च्यायला' हा उद्गार आईवरून दिलेल्या शिवीचे झिजलेले रूप असून आज तो सुशिक्षित घरांतील मुलेही सहज उच्चारतात. 'तुझा मुडदा बशिवला' यासारखे बायकांच्या तोंडचे उद्गार शिवीपेक्षा शापाच्या जवळचे आहेत. 'शिव्याशाप' हा जोडशब्द त्यामुळेच सार्थ ठरतो.

कोल्हापूर परिसराच्या रांगड्या बोलीत मित्राला शिवी देऊन हाक मारणे हे सलगीचे लक्षण समजले जाते. 'रांडंच्या' किंवा 'सुक्काळीच्या' हे शब्द सुरावर अवलंबून प्रेमाचे किंवा भांडणाचे ठरतात. लिखित संवादात हा सूर हरवतो, आणि बोलीतील शिवी कागदावर अधिक उग्र वाटण्याचे ते एक कारण आहे.

लोकपरंपरा

लोकजीवनात शिवीला नेमून दिलेल्या जागा होत्या. शिमग्यात बोंब मारणे व शिव्या देणे यांस त्या दिवसापुरती मुभा असे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, हातवारे करीत, वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्या देतात; हा प्रकार 'बोरीचा बार' म्हणून ओळखला जातो. एरवी ज्यांच्या तोंडी शिवी शोभत नाही असे मानले जाते, त्या स्त्रियांनाच येथे हा अधिकार आहे. तुकारामांच्या गाथेतही दांभिकांना उद्देशून अत्यंत रोखठोक शब्द आले आहेत. तमाशातील बतावणी तर द्वयर्थी शब्दांवरच उभी असते. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती संहितेच्या पूर्वपरीक्षणाच्या अटीवर उठली.

कथा-कादंबरी

या वादाची दोन टोके एकट्या कोल्हापुरात पाहावयास मिळतात. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे ना. सी. फडके आणि कोल्हापुरात स्थायिक झालेले वि. स. खांडेकर यांची पात्रे प्रमाण, घासूनपुसून घेतलेल्या मराठीत बोलतात. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, कागलचे आनंद यादव आणि पुढे राजन गवस यांनी त्याच जिल्ह्यातील शेतकरी, मजूर, जोगतिणी यांची बोली साहित्यात आणली. ती आणताना तिच्यातील शिव्या गाळणे म्हणजे त्या माणसांना उसनी भाषा देणे ठरले असते. यादवांच्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शिकू पाहणाऱ्या मुलाला बापाचा मार आणि शिव्या सोसाव्या लागतात. त्या वगळल्या तर मुलाच्या शिक्षणाची किंमत वाचकाला कळणार नाही. त्यांच्याच 'नटरंग'मधील गुणा नाच्याचे काम स्वीकारतो, तेव्हा त्याच्या पुरुषपणावरून होणारी टिंगल ही शिवीचीच एक क्रूर जात आहे. 'देवदासी' या प्रश्नावरील गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) या कादंबरीसही हेच लागू पडते.

मुंबईच्या वस्त्यांतील भाषेवरून झालेला वाद अधिक गाजला. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी कडाडून टीका केली. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्यातील अनेक शब्दांचे अर्थ त्यांना कवीकडून समजून घ्यावे लागले. ज्या वस्तीत हे शब्द रोजचे होते, ती वस्ती मध्यमवर्गीय वाचकाला किती परकी होती, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

दलित आत्मकथनांनी प्रश्नाची दिशा बदलली. तेथे शिवी देणाऱ्याऐवजी शिवी खाणारा लिहू लागला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाचे शीर्षकच शिवी आहे: बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी म्हणून अक्करमाशी, म्हणजेच अनौरस. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचे नावही असेच नायकाला चिडवण्यासाठी वापरलेल्या शब्दावरून आले आहे. जातिवाचक शिवीगाळ अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ नुसार गुन्हा आहे. तो अपमान कथेत दाखवणे आणि तो अपमान करणे यांत मात्र मूलभूत फरक आहे. वादात हा फरक पुष्कळदा विसरला जातो.

रंगभूमी

महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेस प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची संमती घ्यावी लागते. कादंबरीवर प्रकाशनानंतर खटला होऊ शकतो, पण नाटक प्रेक्षकांपुढे येण्याआधीच अडवले जाऊ शकते. तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकाचा प्रयोग १९७० साली श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली झाला. त्यातील शिवराळ संवादांबरोबरच रक्ताच्या डागालाही हरकत घेण्यात आली.

'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकाने हा संघर्ष न्यायालयापर्यंत नेला. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखारामाच्या भूमिकेत निळू फुले आणि चंपाच्या भूमिकेत लालन सारंग होते. सखाराम जन्माने ब्राह्मण असूनही शिवराळ बोलतो आणि आपला दांभिक समाजाशी संबंध नाही हे भाषेतून दाखवतो. प्रेक्षकांना अधिक झोंबली ती चंपाची भाषा. पुरुषाची शिवी रंगमंचावर नवी नव्हती, स्त्रीने ती परत करणे नवे होते. मंडळाच्या आक्षेपांविरुद्ध सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. हा लढा त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात नोंदवला आहे.

चित्रपट आणि वेबमालिका

दादा कोंडके यांनी भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटातून पदार्पण केले आणि 'सोंगाड्या' (१९७१) पासून बतावणीची द्वयर्थी भाषा पडद्यावर आणली. कोंडके यांच्या संवादांत उघड शिवी विरळाच. अश्लील अर्थ प्रेक्षकाच्या मनात तयार होई, त्यामुळे कात्री लावावी कोठे, हा परीक्षण मंडळापुढील पेच असे. २०१५ साली केंद्रीय मंडळाने निषिद्ध शब्दांची यादीच प्रसृत केली. विरोधानंतर ती बाजूस ठेवावी लागली. संदर्भावाचून शब्दांची यादी करणे हे मुळातच अशास्त्रीय होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वेबमालिकांसाठी वयोगटानुसार वर्गीकरण आणि आशयाची पूर्वसूचना बंधनकारक केली.

कायद्याची भूमिका

अश्लीलता आणि असभ्यता या दोन गोष्टी भारतीय न्यायालयांनी वेगळ्या मानल्या आहेत. समरेश बसू यांच्या 'प्रजापती' या बंगाली कादंबरीसंबंधीच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, असभ्य भाषा किळस आणू शकते, पण तेवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, असे म्हटले. १९ मार्च २०२४ रोजी 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात हेच सूत्र शिव्यांना स्पष्टपणे लावण्यात आले: शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी ती राग, वैताग किंवा खळबळ व्यक्त करते, कामवासना चाळवीत नाही. त्या मालिकेविरुद्धची फौजदारी कारवाई रद्द झाली.

हे संरक्षण निरपवाद नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी, ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अशी भाषा घातल्यास कसोटी अधिक कडक होते, असे मत दिले. कविता पुनर्मुद्रित करणाऱ्या संपादकास दोषमुक्त करण्यात आले. कवीविरुद्धचा खटला मात्र पुढे चालू ठेवण्यात आला.