तणावर विष की गुरांचे तोंड?

२०२२ च्या दिवाळीत रेशन दुकानावर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला होता. पुढे २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्तही तो मिळाला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. आपल्या वस्तीतल्या किती घरांत त्या तेलात पुऱ्या-करंज्या तळल्या गेल्या असतील! ते तेल पिकवणारे हात कोणाचे, हे तळताना कोणाच्या मनात येत नाही. आज आपण त्या हातांविषयी बोलू.

आपल्याकडे येणारे पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. तेलताड हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. मलेशियात त्याची पहिली व्यापारी लागवड १९१७ साली सेलांगोर भागात झाली. तिथे आधीपासून रबराचे मळे होते आणि त्यांवर राबायला इंग्रजांनी तामिळ मुलखातून मजूर नेले होते. गावकुसाबाहेरची माणसे त्यांत मोठ्या संख्येने होती. म्हणजे ही गोष्ट परदेशातली असली तरी अगदी परक्यांची नाही.

पाठीवर पंप, अंगावर विष

तेलताडाची झाडे एकमेकांपासून सुमारे नऊ मीटरवर लावतात. हेक्टरी साधारण १४० झाडे बसतात. मधल्या जागेत ऊन आणि पाऊस दोन्ही भरपूर, त्यामुळे तण माजते. मिकानियाचा वेल कोवळ्या झाडांवर चढून त्यांना दाबून टाकतो. लालांग नावाचे गवत झाडाच्या वाट्याचे खत-पाणी खाते. गळालेली फळे गवतात दिसत नाहीत आणि पायाखालचा सापही दिसत नाही. म्हणून तण काढावेच लागते.

मळेवाल्यांनी त्यावर सोपा उपाय काढला, तो म्हणजे तणनाशकाची फवारणी. हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला आले. पाठीवर पंप घेऊन दिवसभर उष्ण, दमट हवेत चालायचे. पॅराक्वाट हे त्यातले सर्वांत भयंकर औषध. घोटभर पोटात गेले तरी माणूस वाचणे कठीण आणि त्यावर उतारा नाही. मलेशियातील 'तेनागानिता' या संघटनेने २००२ साली फवारणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रकृतीचा अहवाल काढला. नाकातून रक्त येणे, नखे खराब होणे, डोळ्यांची जळजळ, अंगावर चट्टे, अशी दुखणी त्यातून जगापुढे आली. या संघटनेच्या आयरीन फर्नांडिस यांनी आयुष्यभर मजुरांची बाजू लढवली.

सरकारने २००२ मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली, २००६ मध्ये ती उठवली आणि अखेर १ जानेवारी २०२० पासून पुन्हा घातली. एवढा काळ कोणाच्या अंगावर गेला, हे सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

गुरे हाच उपाय

तण मारायला विषच लागते का? नाही. मळ्यांत राहणारे तामिळ मजूर पूर्वीपासून गायी पाळत आले. पुढे मलेशियातल्या काही तेलताडाच्या मळ्यांनी शिस्तीने गुरे चारण्यास सुरुवात केली.

आपल्या गावाकडच्या आया-बहिणींना हे पटकन समजेल, कारण त्यात गुराख्याचेच शहाणपण आहे. झाडे चार-पाच वर्षांची होईपर्यंत गुरे आत सोडायची नाहीत, नाहीतर ती कोवळी पानेच खातील. मग मळ्याचे तुकडे पाडायचे. हलती तारेची कुंपणे लावून आणि त्यांत बॅटरीचा हलका झटका ठेवून कळप एका तुकड्यात चारायचा. तिथले गवत खाऊन झाले की पुढच्या तुकड्यात न्यायचा. पहिल्या तुकड्याची पाळी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा येते, तोवर तिथे नवा चारा फुटतो. शेण जागच्या जागी पडते, म्हणजे खताचाही थोडा आधार होतो.

यात दक्षता हवी. एकाच जागी गुरे कोंडली तर माती तुडवून घट्ट होते. गुरांना न आवडणारे तण तसेच उरते, ते हाताने काढावे लागते. आपल्याकडेही गाजरगवताला जनावर तोंड लावत नाही, तसेच हे. झाडे मोठी होऊन सावली दाट झाली की चारा कमी होतो, मग गुरेही कमी करावी लागतात.

पाखरे परत येतात

गुरे आली की गायबगळे आणि साळुंक्या मागोमाग येतात, कारण खुरांनी उडालेले किडे त्यांना आयते मिळतात. शेणात शेणकिडे येतात, ते शेण मातीत गाडतात आणि माती भुसभुशीत करतात. मलेशियातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुरे शिस्तीने चारलेल्या मळ्यांत पक्षी अधिक आढळल्याचे म्हटले आहे. तोडलेले जंगल यामुळे परत येत नाही, हेही खरे. पण विषाने ओस पडलेल्या जमिनीपेक्षा ही जमीन जिवंत असते.

गुरे कोणाची?

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. गुरांनी तण खाल्ले तर फवारणीची मजुरी बुडते. कळप मालकाचा असेल तर फायदा मालकाचा, आणि पंप उतरवलेली बाई रिकाम्या हाताने घरी. तेच कळप मजुरांच्या सहकारी संस्थेचे असले, चारण्याची मजुरी ठरलेली असली आणि वासरांत वाटा असला, तर विष जाते आणि पोटही भरते. आपल्या श्रमाला आणि शरीराला सारखीच किंमत मिळाली पाहिजे.

म्हणून आपल्या गावी काजू-आंब्याच्या बागेत मालक तणनाशक मारायला बोलावील, तेव्हा आधी एवढे विचारा: डबीवर कोणत्या विषाचे नाव आहे? हातमोजे, तोंडाचा फडका आणि अंघोळीला साबण-पाणी मिळेल का? आणि शेळ्या-गुरे चारून किंवा विळ्याने हे काम होणार नाही का? विचारल्याने मजुरी जात नाही. न विचारल्याने मात्र जीव जातो.