उन्हातली तोड आणि अंगातल्या चिठ्ठ्या



२०२१-२२ चा हंगाम आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. ऊस उदंड झाला आणि राज्यात गाळप थेट जूनपर्यंत लांबले. भर मे महिन्यात फडात कोयते चालू होते. त्या दिवसांत एका फडावर गेलो असता एक तोडणीवाला बांधावर बसला होता. म्हणाला, "सायेब, ताप न्हाई, पन ताप आल्यावानी अंग मोडून आलंय." शेजारचा सभासद हसून म्हणाला, "उन्हाचा आळस, दुसरं काय!" तो आळस नव्हता.

आपल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग स्नायूंचा असतो. स्नायू म्हणजे नुसता ओढकाम करणारा बैल, अशी पूर्वी समजूत होती. सन २००० च्या सुमारास डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, राबणारा स्नायू रक्तात रासायनिक निरोपही सोडतो. आपल्याकडे तोडीची चिठ्ठी निघाल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाही अशा चिठ्ठ्यांवरच हलते. त्यांतली एक म्हणजे इंटरल्यूकिन-६. मेहनतीच्या वेळी ती यकृतातली साखर मोकळी करायला मदत करते आणि दाह आटोक्यात ठेवते.

आता उन्हाचे बघा. स्नायूंत जळणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णताच होते. वर सूर्य, आत ही भट्टी. अमेरिकेत फ्लोरिडा येथे २०१२ साली गुंगी दिलेल्या उंदरांचे अंग तापवले, तेव्हा काही काम नसतानाही त्यांच्या स्नायूंनी इंटरल्यूकिन-६ तयार केले. थोड्या वेळापुरते हे हिताचेच. पण ताप हटला नाही तर रक्त कातडीकडे वळते, आतड्याला कमी पडते, त्याचे अस्तर ढिले होते आणि तिथल्या जंतूंचे विष रक्तात झिरपते. मग दाहाच्या चिठ्ठ्या एकदम सुटतात. तापात अंग मोडून येते तेही याच जातीच्या निरोपांनी. आयोवा राज्यात डुकरांना ३७ अंशांत बारा तास ठेवले, तर त्यांच्या स्नायूंत दाहाचे निरोप वाढलेले आढळले (२०१६). ३७ अंश म्हणजे आपल्याकडची मार्चातली दुपार!

याहून पुढे गेले की स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातला लाल पदार्थ मूत्रपिंडात अडकतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असे दिसले की मजुराला लगेच दवाखान्यात न्यावे. अंगदुखीची गोळी देऊन पुन्हा फडात पाठवू नये. अंगातले पाणी आटलेले असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि आपल्या टोळ्यांत त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर भागात कितीतरी तरुण ऊसतोडे मूत्रपिंड निकामी होऊन गेले. तिकडे आता पाणी, विसावा आणि सावली यांवर भर दिला जातो.

आपला तोडणीवाला टनावर पैसे घेतो, तो आपणहून बसणार नाही. तेव्हा पाण्याची घागर आणि झाडाखालची जागा फडमालकानेच बघावी. एप्रिलपासून तोड पहाटे धरावी, दुपारी बारा ते चार कोयता खाली ठेवावा. अंग उन्हाला सरावायला आठ-पंधरा दिवस लागतात. नव्या किंवा आजारातून उठलेल्या गड्याला पहिला आठवडा कमी काम द्यावे, हे मुकादमाशी आधीच बोलून घ्यावे. कोणी बरळू लागला, तर आधी अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, मग गाडी बघावी.

बैलांचेही तेच. काट्यावर रांग लागली की जू मानेवर ठेवून जनावर तासन् तास उभे करू नये. सोडून सावलीला बांधावे. तोंड उघडे टाकून धापा टाकणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या बैलाला त्या दिवशी दुसरी खेप नको.