मोजमाप पुस्तिकेतला रस्ता

रस्त्याच्या कामाची फाइल हातात आली की बहुतेक जण आधी बिल किती निघालं ते पाहतात. मी मोजमाप पुस्तिका आधी उघडतो. बांधकाम खात्यात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. पानांवर क्रमांक, आणि आत रकाने: कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. शाखा अभियंत्यानं जागेवर माप घेऊन ते इथं लिहायचं, उपअभियंत्यानं त्यातली काही मापं स्वतः तपासायची, मग देयक पुढं सरकतं. ठेकेदाराच्या खात्यात जाणारा रुपया या रकान्यांतून जातो. ज्यांच्या गावाला तो रस्ता जातो त्यांनी मात्र ही वही कधी पाहिलेली नसते.

ती पाहता येते. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत नुसत्या झेरॉक्सचा हक्क नाही. कामाची आणि कागदपत्रांची पाहणी करण्याचा, टिपणं काढण्याचा, इतकंच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत होती. २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. अनेक कार्यालयांत आजही ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे’ हेच उत्तर मिळतं. तरीही मी ठाण मांडून बसतो, कारण अर्ज करून ३० दिवस वाट पाहण्यापेक्षा समोर बसून फाइल चाळण्यात जास्त हाती लागतं. कुठला कागद मागायचा हे फाइल पाहिल्याशिवाय कळतच नाही.

अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी, कामपूर्ती दाखला एवढं वाचून मी एका कोऱ्या पानावर मोजक्या गोष्टी उतरवतो. रस्ता कुठून कुठपर्यंत, रुंदी किती, खडीचे थर किती, साइडपट्टीचा मुरूम किती आणि तो कुठून आणला असं दाखवलंय, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो. ते पान खिशात घालून मग रस्त्यावर जायचं.

अशाच एका रस्त्यावर आम्ही टेप धरली होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला गावातला दूध संकलन करणारा तरुण. एमबीत डांबरी रुंदी ३.७५ मीटर. टेप कुठं ३.४०, कुठं ३.५० दाखवत होती. खड्ड्याच्या कडेला पट्टी लावून जाडीही पाहिली, पण ती मी छापत नाही. कड झिजलेली असते, वाहनांनी दबलेली असते; तिथलं माप पुरावा म्हणून टिकत नाही. रुंदीलाही कडा तुटल्याची सबब असते, म्हणून कड शाबूत आहे अशाच जागा निवडल्या आणि प्रत्येक जागेचा फोटो काढला.

तोवर माणसं जमली. मी पानावरचं मोठ्यानं वाचायला लागलो. मुरुमाच्या ओळीशी आलो, खाणीपासूनचं वाहतुकीचं अंतर वाचलं, तशी एक मावशी म्हणाल्या, “कुठली खाण नि कुठला मुरूम, दादा? आमच्या बांधालगतचं खरवडून टाकलंय. या बघा ना चला.” आम्ही गेलो. जेसीबीच्या दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. वाहतुकीचे पैसे दाखवलेले, आणि माल रस्त्याच्या कडेचाच. हे कुठल्याही फाइलीत मला सापडलं नसतं. आणि मावशींना ते महत्त्वाचं आहे हे कागद वाचल्याशिवाय कळलं नसतं.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली तेव्हा हेच केलं होतं. हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर वाचली, आणि लोकच सांगू लागले की हा माणूस तर कामावर नव्हता, ही इमारत तर अर्धवटच आहे. माहितीच्या हक्काची देशव्यापी मागणी अशा वाचनांतून जोर धरत गेली. आपल्या पत्रकारितेनं यातलं वाचन सोडून फक्त संताप उचलला, असं मला वाटतं. ‘रस्त्याचं काम निकृष्ट, ग्रामस्थ संतप्त’ ही बातमी आपण रोज छापतो. तिला ‘चौकशी करू’ हे उत्तर ठरलेलं असतं, कारण तिच्यात उत्तर देण्याजोगं काही नसतंच. ‘एमबी पान अमुक, रुंदी ३.७५, जागेवर ३.४०’ असं छापलं की अभियंत्याला पुन्हा मोजावं लागतं.

छापण्याआधी मी अभियंत्यांना फोन करतोच. सगळेच लबाड नसतात. एकेका शाखा अभियंत्याकडं इतकी कामं असतात की जागेवर जाणं राहून जातं आणि माप कार्यालयातच लिहिलं जातं. एकानं मला सांगितलं होतं, बातमीत आकडे आले की ठेकेदाराला ‘नाही’ म्हणायला आम्हालाही आधार मिळतो. धोकाही खरा आहे. तळेगावात जमीन व्यवहार उघडे पाडणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. म्हणून गावात टेप धरायला एकट्यानं कधी जाऊ नये, आणि बातमी येण्याआधीच कागदांच्या प्रती चार जणांकडं असाव्यात.

त्या रस्त्याची फेरमोजणी झाली. अंतिम देयक बाकी होतं म्हणून कपात करता आली. पैसे एकदा गेले असते तर वसुलीची फाइल वर्षानुवर्षं फिरत राहिली असती. साइडपट्टी पुन्हा भरली. डांबराची रुंदी काही वाढली नाही.

आता मी बातमीखाली चौकट देतो: रस्त्याचं नाव, अभियंत्याचं पद, दोषदायित्व कधी संपतं ती तारीख. त्या तारखेपर्यंत पडलेला खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा असतो, हे गावात फारच थोड्यांना माहीत असतं. ती चौकट वाचून शेजारच्या गावच्या बचत गटातल्या बायकांनी फोन केला. त्यांच्या रस्त्यावर खडी नुकतीच पडली होती. त्यांना बातमी नको होती. डांबर पडायच्या आधी थर कसा मोजायचा, तेवढं सांगा म्हणाल्या.