पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट

पॅप स्मिअरचा रिपोर्ट मी लिहिते. वाचतो मात्र बहुतेकदा त्या बाईचा बारावीतला मुलगा, नाहीतर इंग्रजी येणारा पुतण्या. ‘ॲबनॉर्मल’ शब्दापाशी तो अडखळतो, मोबाइल काढतो, आणि पाच मिनिटांत घरात रडारड सुरू. मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. काम सूक्ष्मदर्शकाशी, पण कागद हातात धरून लॅबच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईला आत बोलावून खुर्ची देणं हेही हळूहळू माझ्याच अंगावर आलं.

पॅप स्मिअरवरून कॅन्सरचं निदान करत नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडावर ब्रश फिरवून पेशी काढतात, काचेवर पसरतात, रंगवतात आणि आम्ही त्या बघतो. कुणाची पुढची तपासणी करायची, एवढंच त्यातून ठरतं.

निरोगी पेशी देखण्या असतात: पसरट, पातळ, गुलाबी नाहीतर निळसर, मधोमध बारीकसं केंद्रक. एचपीव्ही विषाणू शिरलेल्या पेशीचं केंद्रक फुगतं, काळवंडतं, तासगावच्या बेदाण्यासारखं सुरकुततं आणि त्याच्या भोवती पांढरी मोकळी जागा पडते. असं दिसलं की मी ‘एलसिल’ लिहिते, म्हणजे सौम्य बदल. ‘ॲस्कस’ त्याच्याही अलीकडचं. पेशी जराशा वेगळ्या आहेत, पण नक्की बोट ठेवता येत नाही. जंतुसंसर्गाने सूज असेल, पाळी जाऊन कोरडेपणा आला असेल, तरी असं दिसतं. हा शेरा लिहिताना शंका आमची असते, धास्ती मात्र तिला बसते. ‘एचसिल’चं, म्हणजे तीव्र बदलांचं, तसं नाही. ते दिसलं की मी रिपोर्ट छापायच्या आधी काच पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करते, कारण अशा बाईला सहा महिन्यांनी या म्हणून चालत नाही.

नवरा सोबत असला की प्रश्न ठरलेला: “हा विषाणू आला कुठून?” शरीरसंबंधातून, हे खरंच आहे आणि मी ते लपवत नाही. पण लगेच पुढचंही सांगते. एचपीव्ही इतका सर्वदूर आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावूनही लावतं. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. कुणाकडून आला हे तर कुठलीच लॅब सांगू शकत नाही. रिपोर्टवरून घरात चारित्र्याची चौकशी बसवू नये, एवढं मी नवऱ्याकडे बघून बोलते. (काही जण खाली बघतात.)

विषाणू मुक्काम ठोकून बसला, तरच काळजी. त्यातही १६ आणि १८ हे प्रकार वाईट. पिशवीच्या तोंडाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. विषाणू आणि कॅन्सर यांचा हा धागा जुळवल्याबद्दल जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

ॲस्कस असेल तर एचपीव्हीची चाचणी करतात, किंवा वर्षाने पुन्हा स्मिअर. एचसिल असेल तर कॉल्पोस्कोपी. नाव भारी असलं तरी तपासणी साधी आहे. बाहेरूनच एका भिंगातून पिशवीचं तोंड मोठं करून बघतात. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला पिवळट राहतो. तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. क्षणभर चिमटा बसतो, दोन दिवस थोडं रक्त जातं. तो तुकडा माझ्याकडे येतो आणि त्यावरून खरं निदान होतं.

त्या निदानाला सीआयएन म्हणतात, पायऱ्या तीन. पहिली बहुधा आपोआप ओसरते, तिच्यावर नजर ठेवायची. तिसरीला उपचार हवाच. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात कित्येक बायकांना तिसऱ्या पायरीला पुरेसे उपचार दिले गेले नव्हते. तीस वर्षांत त्यांच्यातल्या जवळपास तिघींमागे एकीला कॅन्सर झाला. उपचार म्हणाल तर लीप: तारेच्या गरम वेढ्याने बिघडलेला भाग तेवढा काढून टाकायचा. भूल जागेपुरती, बाई त्याच दिवशी घरी. पिशवी राहते, पाळी राहते, पुढे दिवसही राहू शकतात. अशा गरोदरपणात बाळ लवकर जन्मण्याचा धोका किंचित वाढतो, म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांना हे आठवणीने सांगावं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. मोहोळकडची एक बाई जावेला घेऊन आली. “मॅडम, डॉक्टर म्हणले पिशवी खराब झालीय, काढून टाका. दोन लेकरं झालीत, आता ठेवून तरी काय करायचीय?” रिपोर्ट ॲस्कसचा. एचपीव्ही तपासला, निगेटिव्ह आला. तिला हवं होतं ते तीन वर्षांनी पुन्हा तपासून घेणं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलं, तरी ‘काढून टाका’ अजून तितक्याच सहजपणे कानावर पडतं. नुसत्या स्मिअरवर पिशवी काढायची नाही. आत खरंच कॅन्सर असेल, तर तुकडा न तपासता केलेलं साधं ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीनंतर करतात ती व्हीआयए तपासणी कॉल्पोस्कोपीतल्याच ॲसिटिक ॲसिडची, फक्त भिंगाशिवाय. तिथे ‘पॉझिटिव्ह’ निघालेल्या पुष्कळ जणींना पुढे काहीच निघत नाही, पण ती खात्री तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊनच होते. तपासणीचा किती उपयोग होतो हे जगाला दाखवलं आमच्या शेजारच्या जिल्ह्याने. तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात एचपीव्हीची एकदाच चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार झाले, तिथे एवढ्यानेच या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

रिपोर्टवर ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ असेल तर पेशी पुरेशा आल्या नाहीत, स्मिअर परत द्यायचा. एचआयव्ही असलेल्या बाईत हे बदल भराभर पुढे सरकतात, तिने कुठलीच तारीख चुकवू नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत अंगावर गेलं, किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर जुना नॉर्मल रिपोर्ट कपाटातच राहू द्यावा आणि त्या आठवड्यात डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यावं.