आमच्या घरचे ठसे आणि जपानची लाट

आमच्या माळ्यावर एका पोत्यात दोन लाकडी ठसे आहेत. आम्ही भावसार. आपल्या नागपूरकडे कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्यांना भावसार, रंगारी नाहीतर छिपा म्हणत. आजीचे सासरे जाजमा आणि रजयांचं कापड छापायचे. आता घरात कोणी छापत नाही.

ठसा सागाचा आहे. फूल वर उठलेले, बाजूचे लाकूड खोल कोरलेले, मागे मूठ. रंगाच्या गादीवर दाबायचा, कापडावर टेकवायचा आणि वरून हाताने ठोसा द्यायचा. पण एका ठशाने एकच रंग! काळ्या रेषेचा ठसा वेगळा, लाल पाकळ्यांचा वेगळा, पानांचा वेगळा. एकावर एक नेमके बसावेत म्हणून कडेला बारीक ठिपका असतो.

लाल रंगाची तर गंमतच आहे. पूर्वी तो आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून काढीत. ठशाने कापडावर रंग नाही, तुरटीचे पाणी उमटवायचे. मग ते कापड आलच्या पाण्यात उकळले की तुरटी लागली असेल तिथेच पक्का लाल रंग चढतो. 1869 पासून युरोपातले कारखाने लाल रंग बनवू लागले आणि आलची शेती बसली.

मागच्या महिन्यात बाईंनी जपानच्या होकुसाई या चित्रकाराची मोठी लाट दाखवली. ती 1831 च्या सुमाराची आहे. मला वाटलं, कुंचल्यानं काढली असेल. पण तीसुद्धा ठशांचीच! चित्रकार पातळ कागदावर चित्र काढी. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषा तेवढ्या ठेवी, बाकी लाकूड कोरून टाकी. तिसरा माणूस फळीला रंग लावून वर कोरा कागद ठेवी आणि पाठीमागून घासी. म्हणजे आपल्याकडे ठसा कापडावर येतो, तिकडे कागद ठशावर जातो. पुष्कळ रंगांची अशी चित्रे तिथे 1765 पासून निघू लागली. रंग जुळावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात खाच असे, आमच्या ठिपक्यासारखीच.

हे घरी सांगितलं तर आजी गप्पच झाली. मग म्हणाली, "पानाचाही ठसा होता ना बाप्पा! पावसाळ्यात सरपण ओलं होतं, तवा मीच चुलीत टाकला. म्हटलं, आता कोण छापते?"

रविवारी आम्ही दोघांनी उरलेले दोन ठसे धुतले आणि कागदावर छापून पाहिले. चार कागद बिघडले, कारण माझा हात हलायचा. पाचवा इथे शेजारी लावला आहे. त्यातली पाने मी रंगपेटीने काढली आहेत. जवळून पाहिले तर कळते.

(इयत्ता सातवी)