चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पहिले पाऊस पडून गेले की ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी विहिरींत उतरते आणि गावोगाव लहान मुलांना जुलाब सुरू होतात. जुलाबाने मूल दगावते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. गेलेले पाणी वेळेवर भरून काढले, तर बहुतेक मुले वाचतात. परंतु दवाखाना दूर असतो व मुलाला फार अवकाश नसतो; म्हणून हे काम घरातच आणि आईच्या हातूनच सुरू व्हावे लागते. बांगलादेशातील खेड्यांत ही गोष्ट कशी साध्य झाली, याची हकीकत विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे.

उपाय कसा सापडला

नुसते पाणी पाजून भागत नाही. मात्र जुलाब चालू असतानाही आतडे साखरेच्या जोडीने मीठ शोषून घेऊ शकते आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. ढाका येथील पटकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९६८ साली रुग्णांवर याची प्रचीती दाखवून दिली. पुढे १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तयार करवून ते रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. पाजण्याचे काम बव्हंशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या आत आले. हा उपाय घरच्या माणसांच्या हाती सोपवता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

घरोघर गेलेल्या शिक्षिका

फजले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने हा उपाय खेड्यांत नेण्याचे ठरविले. तयार पुड्या सर्वत्र पोहोचविणे त्या काळी शक्य नव्हते. मीठ आणि गूळ मात्र घरोघर सापडत. म्हणून तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा किंचित कमी पाणी, असे प्रमाण बसविण्यात आले. तेथील लोक त्यास ‘लोबोन-गुड’ म्हणत.

सुल्ला भागात १९७९ साली चाचणी घेऊन १९८० पासून काम वाढविण्यात आले. शिकविणाऱ्या सर्व स्त्रिया होत्या. ज्या समाजात स्त्रीने एकटीने गावोगाव फिरणे रूढीला धरून नव्हते, तेथे या स्त्रिया तुकड्यांनी राहून घरोघर गेल्या. त्या आईशेजारी बसत, लक्षात ठेवण्याचे मोजके मुद्दे सांगत आणि आईच्याच हातून, तिच्याच घरच्या भांड्यात पाणी तयार करवून घेत. अर्धा शेर कोठपर्यंत येतो त्याची खूण त्या भांड्यावर करून ठेवीत. वाचता न येणाऱ्या आईलाही हे जमले, कारण शिक्षण कागदावर नव्हते, बोटांत होते.

मोल शिकविल्याचे नव्हे, शिकल्याचे

किती घरे फिरून झाली यावर या शिक्षिकांचे वेतन ठरत नसे. काही आठवड्यांनी तपासनीस त्यांतील निवडक घरी जाऊन आईला मुद्दे विचारीत व पाणी करून दाखविण्यास सांगत. मीठ बरोबर पडले आहे की नाही, याचीही तपासणी होई. आईला जितके चांगले येत असेल, तितके शिक्षिकेचे वेतन अधिक. आईला काहीच येत नसेल, तर त्या घराबद्दल काहीच मिळत नसे.

तरीही प्रारंभी एक उणीव आढळून आली. पाणी करता येणाऱ्या आयांची संख्या मोठी होती. पण मूल आजारी पडल्यावर ते प्रत्यक्षात पाजणाऱ्या थोड्याच होत्या. कारणे शोधता दिसले की, काही शिक्षिकांचाच या उपायावर पुरेसा विश्वास नव्हता. शिवाय घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. त्यानंतर शिक्षिकांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन रुग्ण बरे होताना दाखविण्यात आले. त्या आयांसमोर स्वतः ते पाणी पिऊ लागल्या. मशिदी, बाजार व शाळा येथेही माहिती देण्यात आली. मग वापर वाढला. १९९० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख घरी हे शिक्षण पोहोचले.

त्या देशात १९९० च्या सुमारास हजार मुलांमागे १४० हून अधिक मुले पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. २०२० च्या सुमारास हे प्रमाण ३० च्या आसपास आले. लसीकरण, शिक्षण व उत्पन्नवाढ यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आईच्या हाती आलेल्या या ज्ञानाचा वाटा लहान नाही.

आपण काय करावे

आज जलसंजीवनीची तयार पुडी मिळते. हाताने घातलेले मीठ जास्त पडल्यास मुलाला अपाय होतो. म्हणून पुडी मिळत असेल तेथे पुडीच वापरावी.

१. पुडीवर लिहिल्याइतक्या स्वच्छ पाण्यात (मोठ्या पुडीस एक लिटर) संपूर्ण पुडी विरघळवावी. २४ तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे.
२. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटघोट पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे.
३. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविकेच्या सांगण्याप्रमाणे १४ दिवस पूर्ण कराव्यात.
४. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर विलंब न करता दवाखान्यात न्यावे. वाटेतही, मूल पीत असेल तर, पाजणे चालू ठेवावे.

गावच्या कार्यकर्त्यांनी आशाताई व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक वस्तीवर हे पाणी करून दाखवावे. नव्हे, आयांकडून करवून घ्यावे. त्या वेळी घरातील पुरुष व सासूबाई यांनाही बसवून घ्यावे. महिन्याने पुन्हा त्याच घरी जावे आणि आईला करून दाखविण्यास सांगावे. तिचा हात न अडखळता चालला, तरच आपले काम झाले असे समजावे.