तमाशाच्या हँडबिलावरची सही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या आणि तमाशा ही तिची जुनी ओळख. अशा एखाद्या यात्रेत वाटलेलं हँडबिल पुढे कधीतरी आजोबांच्या ट्रंकेत सापडतं. त्यावर निळ्या शाईत काहीतरी खरडलेलं असतं आणि घरात चर्चा सुरू होते. ही तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची सही तर नव्हे? असली तर लाखभर तरी येतील ना? थांबा, आधी लॅमिनेशन करून आणू!

गायक, वादक, नर्तक यांच्या सह्या जमवण्याचा छंद शहरी मानला जातो. खरं तर शहापूर-मुरबाडसारख्या यात्रा-जत्रांच्या मुलखात त्याला शहराइतकाच वाव आहे. फक्त इथली सही ऑटोग्राफच्या वहीत कमी आणि भलत्याच कागदांवर जास्त सापडते. म्हणूनच तिच्याभोवती ऐकीव गोष्टी फार.

'अंगठा म्हणजे काही सही नव्हे'

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात नुकसान करणारा समज. तमाशाच्या फडाचं आयुष्य आज या गावात, उद्या त्या गावात. जुन्या पिढीतल्या कितीतरी कलावंतांच्या वाट्याला पाटी-पेन्सिल आलीच नाही. त्यांनी कागदावर अंगठा उठवला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे, ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याने केलेली खूण ही सहीच धरली जाते. कायद्याला जे चालतं ते संग्राहकाला का चालू नये?

उलट अंगठ्याची बाजू थोडी भक्कमच. सरावाने दुसऱ्याची सही वळणदार काढणारे पुष्कळ असतात. अंगठ्यावरच्या रेषा हाताने काढून दाखवणारा कुणी नसतो. अडचण एवढीच की नुसता अंगठा मुका असतो. त्याच्या शेजारी 'निशाणी डावा अंगठा' आणि कुणाचा ते नाव, खाली साक्षीदाराची सही, तारीख, गाव, एवढं असेल तर तो कागद बोलायला लागतो.

असे कागद येतात कुठून? सुपारीच्या, म्हणजे तमाशा ठरवण्याच्या, व्यवहारातून. मुरबाडहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे गेलं की नारायणगाव लागतं. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालक राहुट्या टाकून बसतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, घासाघीस होते, इसार दिला जातो आणि करार लिहिला जातो. कुठल्या गावी, कुठल्या तिथीला, किती रकमेला, आणि खाली दोन्हीकडच्या सह्या. यात्रा कमिटीच्या जुन्या फाइलीत पडलेला असा एक करार मला आल्बममधल्या दहा ऑटोग्राफपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो कुणाची हौस म्हणून झालेला नाही. त्या रात्रीच्या पोटापाण्याचा पुरावा आहे.

मात्र इथेच दुसरी फसगत होते. करारावर सही असते फडमालकाची किंवा मॅनेजरची. फडाला ज्या कलावंताचं नाव, त्याचीच ती सही असेल असं नाही. वर ठळक छापलेलं नाव आणि खालची सही ही दोन वेगळी माणसं असू शकतात. आधी सही वाचा, मग नाव सांगा.

'पोस्टरवरचं नावच सहीत असायला हवं'

नसतंही. शाहीर पठ्ठे बापूराव हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कवलापूरचे काळू-बाळू हे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. कांताबाई सातारकरांचा जन्म साताऱ्याचा नव्हे, गुजरातेतल्या डभोईचा. तमाशात गावाचं नाव लावण्याची पद्धत आहे आणि सरकारी किंवा बँकेच्या कागदावर वेगळं नाव येऊ शकतं. त्यामुळे 'नाव जुळत नाही, खोटी असणार' म्हणून कागद फेकून देणं जितकं चूक, तितकंच पोस्टरवरच्या नावासारखं सुबक नाव दिसलं म्हणून हुरळून जाणंही चूक.

'दोन सह्या तंतोतंत जुळल्या, म्हणजे अस्सल'

नेमकं उलट. कुठलाही माणूस तीच सही हुबेहूब दोनदा करू शकत नाही. कधी घाई, कधी गुडघ्यावर ठेवलेला कागद, कधी प्रयोग संपल्यावर थरथरणारा हात. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेघेला रेघ बसली, तर त्यातली निदान एक तरी छापलेली, शिक्का मारलेली, गिरवलेली किंवा यंत्राने केलेली आहे.

सही करणारी यंत्रं ही काही कादंबरीतली गोष्ट नाही. २०२२ मध्ये बॉब डिलन या जगप्रसिद्ध गायक-कवीच्या पुस्तकाच्या नऊशे 'स्वाक्षरीच्या' प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. वाचकांनी आपापल्या सह्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्या एका साच्यातल्या. प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि डिलनने जाहीर माफी मागितली. नोबेल मिळालेल्या माणसाच्या बाबतीत, मोठ्या प्रकाशकाकडून हे होतं, तर बाजारात कुणी विकायला आणलेल्या 'सही केलेल्या' कॅसेटबद्दल काय बोलावं!

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात सही पाहा. छापलेली सही बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, किंवा सगळीकडे एकसारखी सपाट. बॉलपेनची सही कागदात किंचित रुतलेली असते; वळणावर शाईचा बारीक गोळा साचतो, एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई दाट होते, आणि शेवटचा फटकारा निमुळता होत हवेत विरतो. यंत्राची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आणि दोन्ही टोकांना बोथट. गिरवलेली सही हळू काढलेली असते म्हणून थरथरते, आणि भलत्याच जागी पेन उचललेलं दिसतं. एवढं पाहून सही अस्सल ठरत नाही, पण पुष्कळ नकली इथेच गळतात.

'सोबत सर्टिफिकेट आहे, मग काळजी नाही'

सर्टिफिकेट कुणीही छापू शकतं. चकचकीत होलोग्रामही मिळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली. खेळाडू आणि नटांच्या सह्या तर त्यांनी केल्याच होत्या, वर मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही विकले होते. आणि हो, मालासोबत प्रमाणपत्रं असत. आपल्याकडे विकत घेताना विचारायचं ते एवढंच: ही सही कुणी, कुणासमोर, कुठल्या प्रयोगाला घेतली? त्या रात्रीचा फोटो, तिकिटाचं अर्धुक, निमंत्रणपत्रिका, काही आहे का? उत्तर 'एका ओळखीच्याकडून आली' एवढंच असेल तर हात आखडता घ्या. खोटी सही खरी म्हणून विकणं हा भारतीय न्याय संहितेखाली बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीचा मामला होऊ शकतो, पण पैसे गेल्यावर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात काय अर्थ?

किमतीबद्दल दोनच वाक्यं. लोककलावंतांच्या सह्यांना आपल्याकडे ठरलेला बाजारभाव नाही, आणि 'लाखाची आहे' म्हणणारा स्वतः लाख देतो का हे विचारून पाहावं. 'चि. अमुकला आशीर्वाद' असं लिहिलं असेल तर गिऱ्हाईक कमी मिळतं, पण त्या अमुकच्या नातवंडांना तीच सही जास्त प्यारी असते.

'लॅमिनेशन केलं की जन्माची निश्चिंती'

याच एका समजुतीपायी जितके कागद वाया जातात तितके वाळवीनेही जात नसतील. लॅमिनेशनमध्ये गरम रुळांखाली प्लॅस्टिक आणि डिंकासारखा थर कागदाला कायमचा चिकटवतात. उष्णतेने काही शाया पसरतात किंवा उडतात, कागदातली आम्लता आतच कोंडली जाते, आणि पुढे ते प्लॅस्टिक सोडवायचं म्हटलं तर सही सोबत निघून येते. हँडबिलं छापली जात ती स्वस्तातल्या, वर्तमानपत्रासारख्या कागदावर. तो कागद मुळातच आम्लधर्मी. पिवळा पडणार, कडा तुटणार. त्याला प्लॅस्टिकमध्ये कोंडून तरुण करता येत नाही.

त्यात आपला पाऊस. शहापूर तालुक्यातली भातसा आणि तानसा ही धरणं भरून मुंबईची तहान भागवणारा हा मुलूख. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. मागोमाग कसर आणि वाळवी. तेव्हा सही भिंतीवर टांगू नये, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवर मुळीच नाही. जिथे उन्हाची तिरीप येते तिथेही नाही, कारण स्केचपेन आणि जेल पेनची शाई उन्हाने फिकी पडते. फ्रेम करायचीच हौस असेल तर चांगली रंगीत प्रत काढून ती टांगा. मूळ कागद आत ठेवा.

ठेवायचं कसं, तर आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात, आडवं, जमिनीपासून उंच, भिंतीला न चिकटलेल्या कपाटात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्टेशनरी दुकानांत किंवा ऑनलाइन असा कागद मिळतो. सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पावसाळ्यात बदलत राहायची. पोथ्या बासनात बांधून त्यात वेखंडाची पूड ठेवण्याची जुनी रीत वाईट नव्हती. पूड फक्त थेट कागदावर पडू देऊ नका. डांबर गोळ्या कागदाला टेकवू नयेत. चिकट पानांचे आणि वर पारदर्शक कागद असलेले आल्बम, सेलोटेप, यू-पिना, रबरबँड या सगळ्यांना रजा द्या. फोटोच्या मागे जोर देऊन लिहू नका, पुढे वळ उठतो.

आधीच लॅमिनेट केलेलं असेल तर घरी सोलायला बसू नये. आहे तसं ठेवून त्याची स्कॅन प्रत काढून घ्यावी.

'नोटेवर सही घेतली, नोट बाद झाली'

दौलतजादाच्या जमान्यातली ही हौस: लावणी सादर करणारीकडून नोटेवरच सही घ्यायची. रिझर्व्ह बँक नोटांवर लिहू नका असं पुन्हा पुन्हा सांगते, कारण नोटेचं आयुष्य कमी होतं. पण लिहिल्यामुळे नोट रद्द होत नाही. राजकीय किंवा धार्मिक संदेशासाठी मजकूर लिहिलेल्या नोटेचा दावा मात्र नाकारला जाऊ शकतो. तरीही ही सवय सोडलेलीच बरी. ज्या बाईच्या कलेचा मान म्हणून सही मागायची, तिच्यासमोर नोट फडकावणं हे मागणं नव्हे. साधा कोरा कार्डपेपर न्या, प्रयोग संपल्यावर विचारा, ती दमलेली असेल तर पुन्हा कधीतरी. घुंगरांचे चाळ 'आठवण म्हणून द्या' असं तर म्हणूच नये. नर्तिका त्यांना नमस्कार करून ते पायात बांधते.

'कागद माझा, म्हणजे सगळे हक्क माझे'

वस्तू तुमची, पण तेवढीच. सही केलेल्या फोटोचा कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडे राहतो, पत्रातल्या मजकुराचा लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे. घरात लावा, नातेवाइकांना दाखवा. पण त्याचे टी-शर्ट छापून विकायला निघालात तर अडचणीत याल.

आणखी दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी. एखाद्या शाहिराचं लावण्या-पोवाड्यांचं हस्तलिखित बाड किंवा वगाची मूळ प्रत असेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५३-अ प्रमाणे अशी मूळ प्रत दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकली गेल्यास लेखकाला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, तोही जास्तीत जास्त दहा टक्के. नुसत्या सहीला हे लागू नाही. दुसरं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. १९५० च्या आधीचं बाड कुणा परदेशी संग्राहकाला कुरिअरने धाडून देणं हा गुन्हा ठरू शकतो.

'सही नाही, मग जपायचं काय?'

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हा प्रश्न उरफाटाच म्हणावा लागेल. ठाकरांचा ढोलनाच, वारल्यांचा तारपा, आगरी लग्नात धवला म्हणणाऱ्या धवलारिणी, यांच्यापैकी कुणी ऑटोग्राफ देत फिरलं नाही. कला समूहाची, पाठ तोंडी. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून घडवलेला तारपा कुणी तुम्हाला दिला, तर त्यावर मार्करने सही घेऊ नका. एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुणी घडवला, कुठला पाडा, कुठल्या सणाला वाजला, कुणाच्या हस्ते मिळाला. धवलारिणीचा आवाज मोबाइलवर टिपलात तर तिची परवानगी घ्या आणि तिचं नाव, गाव फाइलला लावा. सहीने जे सिद्ध होतं तेच या चार ओळींनी होतं, बऱ्याचदा जास्त पक्कं.

यात्रा कमिट्यांच्या जुन्या वह्या, इसाराच्या पावत्या, हँडबिलं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. यंदा रद्दीवाला बोलावण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला तो गठ्ठा एकदा दाखवा, कुठला फड कुठल्या साली आला होता ते विचारा आणि त्याने सांगितलेलं वेगळ्या कागदावर, तारखेसह, त्याच्या नावानिशी लिहून गठ्ठ्यात ठेवा.